नर्सिंग शिकून फायली तपासायच्या?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून एका आईचं पत्र आलं आहे. त्या स्वतः महापालिकेच्या रुग्णालयात २२ वर्षं आया होत्या. मुलगी बीएस्सी नर्सिंग झाली, साडेतीन वर्षं आयसीयूत आहे आणि आता अंधेरीच्या एका रुग्णालयात तिला ‘डॉक्युमेंटेशन नर्स’ म्हणून जागा मिळते आहे. आई लिहितात, ‘सिस्टर म्हणजे पेशंटच्या उशाशी उभी असते ती. चार वर्षं शिकवलं ते फायली चाळायला का? शेजारीपाजारी विचारतात, क्लार्क झाली का?’

ताई, तुमचं पत्र वाचून मला माझ्या वडिलांची फाईल आठवली. भरती करताना कुणीतरी केसपेपरवर नुसतं ‘डायबेटिस – १०’ लिहिलं. डिस्चार्ज समरीत त्याची १० वर्षं झाली. खरं तर वडिलांना साखर निघून जेमतेम १० महिने झाले होते आणि पॉलिसी चार वर्षांची होती. आजार आधीपासूनचा, असं म्हणून विमा कंपनीनं क्लेम अडवला. तीन आठवडे मी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीशी खेटे घातले. शेवटी रुग्णालयातल्या एका सिस्टरनं फाईल मागवली आणि मधली सगळी पानं सोडून थेट नर्सच्या पहिल्या असेसमेंटचं पान उघडलं. रात्रपाळीच्या मुलीनं वडिलांना विचारून तिथे स्वच्छ लिहिलं होतं : साखरेची गोळी, १० महिन्यांपासून. खाली वेळ आणि सही. डॉक्टरांनी समरी दुरुस्त करून दिली, क्लेम सुटला. नेमकं कुठलं पान बघायचं हे त्या सिस्टरना कसं कळलं? त्यांनी तसलं पान वॉर्डात शेकडो वेळा भरलं होतं म्हणून.

तुमच्या मुलीचं काम हेच असणार आहे. पेशंट वॉर्डात असतानाच त्याची फाईल तपासायची, डिस्चार्ज झाल्यावर पुन्हा तपासायची. भरतीनंतर २४ तासांत असेसमेंट झालं का, संमतीपत्रावर तारीख-वेळ आहे का, फोनवर सांगितलेल्या औषधावर डॉक्टरांची सही नंतर आली का, ऑपरेशनच्या नोंदीत डावा गुडघा आणि समरीत उजवा असं तर झालं नाही ना. मी एकदा अशा टेबलाशी दुपारभर बसून पाहिलं आहे. इनटेक-आउटपुटचा, म्हणजे पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि बाहेर किती पडलं याचा, एक चार्ट समोर आला. रात्री २ ते सकाळी ६, दर तासाला लघवी ५० मिली. पाचही ओळी एकाच दमात लिहिलेल्या, अक्षराचा कल तोच, शाईही तीच. तासातासाला मोजलेलं नव्हतं, पहाटे बसून भरलेलं होतं. ते पकडणाऱ्या सिस्टरनी शेरा मारण्याआधी वॉर्डात फोन करून विचारलं, ‘काल रात्री त्या मुलीकडे किती पेशंट होते?’ हा प्रश्न फक्त नर्सला सुचतो.

ही पदं वाढायला कारणं आहेत. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच मानांकनाचे परीक्षक आले की फायली उघडून बसतात. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची विनंती आल्यापासून ३ तासांत कॅशलेसची अंतिम मंजुरी द्यायची असते. फाईल अपुरी असली की गाडी तिथेच अडते आणि सुट्टी मिळालेला पेशंट कपडे बदलून कॉटवर ताटकळतो. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी ३ वर्षं जपायच्या आणि रुग्णानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. पोलीस केस असेल तर तुम्हाला मी काय सांगू, त्या फायलींना कसं जपतात ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

तरी तुमची काळजी अगदीच चुकीची नाही. ‘डॉक्युमेंटेशन’ नावाखाली काही ठिकाणी नुसतं स्कॅनिंग आणि डेटा एंट्री करून घेतात. तसं असेल तर मुलीनं जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. मेडिकल कोडिंग हा आणखी वेगळा धंदा. त्यात आजाराला आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड लावतात, ते नर्स नसलेली माणसंही शिकून करतात. म्हणून होकार देण्याआधी तिनं विचारावं : मी नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या हाताखाली की नोंदी विभागाच्या? फायलीतली चूक दिसली तर डॉक्टरांना थेट विचारायचा अधिकार मला आहे का? नव्या मुलींना नोंदी शिकवायचं काम माझ्याकडे येणार का? नेमणूकपत्रावर ‘नर्स’ हा शब्द हवाच. पुढे परदेशी किंवा सरकारी जागेसाठी अर्ज केला तर अनुभवाचा दाखला बघतात, आणि बऱ्याच ठिकाणी पेशंटजवळचा ताजा अनुभव मागतात. तिचा तसा विचार असेल तर आणखी वर्षभर आयसीयूत थांबलेलं बरं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र काही झालं तरी चालू ठेवायची.

पगाराचंही बघा. नाईट अलाउन्स जाईल, तेव्हा हातात किती पडतात ते विचारून घ्या. रात्रपाळी सुटून रोज घाटकोपरहून मेट्रोनं वेळेवर ये-जा होईल, त्याची किंमत तुमची तुम्ही ठरवा.

आणि एक करा. तिला तिथे एक दिवस नुसतं बसायला मिळेल का, ते विचारायला सांगा. संध्याकाळी घरी आली की तिनं दिवसभरात काय काय पाहिलं ते ऐका. २२ वर्षं वॉर्ड पाहिलेल्या तुम्हाला ते सिस्टरचं काम आहे की क्लार्कचं, हे माझ्याहून लवकर कळेल. काय वाटलं ते मला जरूर लिहा.