खडीसाखर तुटते, मग हे स्फटिक वाकतात कसे, आणि त्यात पोट भरतं का?

चिपळूणजवळच्या गावातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी टीवाय बीएस्सी केमिस्ट्रीला आहे, तिने मोबाईलवर वाकणाऱ्या स्फटिकांचा व्हिडिओ बघितला आणि आता म्हणते मला यातच रिसर्च करायचाय. बाबांचं म्हणणं, लोट्याला एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला, लागू दे, घरून ये-जा होईल, नाहीतर सरळ बीएड कर. आई विचारतात, "स्फटिक वाकला काय नि तुटला काय, त्यावर पोरीचं पोट कसं भरणार?"

ताई, पैशाचं बोलूच, पण आधी पोरगी कशाच्या मागे लागलीय ते बघा.

खडीसाखर दाताखाली कडकन तुटते, खडेमीठ वरवंट्याखाली चुरा होतं, म्हणून स्फटिक म्हणजे ठिसूळ असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आता माडाच्या झावळीचा ओला हीर आठवा, दोन टोकं जवळ आणली तर कमान होते आणि सोडलं की परत सरळ. मी एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली हेच बघितलंय, केसाएवढा बारीक चकचकीत स्फटिक, एका बाजूने चिमटा, दुसऱ्या बाजूने सुईने हळूच ढकललं, तो पार वाकला, सुई काढली आणि तो सरळ झाला, अंगावर काटा आला खरंच.

काही स्फटिक तांब्याच्या तारेसारखे वाकतात आणि तसेच राहतात. त्यांच्यात रेणूंचे थर असतात, पत्त्यांच्या कॅटसारखे, थराच्या आत पकड घट्ट, दोन थरांमध्ये सैल, त्यामुळे ढकललं की थर एकमेकांवरून घसरतात. झावळीच्या त्या हीरासारखे परत सरळ होणारे जे स्फटिक, त्यांच्यात असे घसरणारे थरच नसतात, रेणू एकमेकांत अडकलेले आणि सगळ्या बाजूंनी थोडी थोडी ओढ, मग प्रत्येक रेणू किंचित हलतो आणि जागेवर येतो. यातलं बरंच मोठं काम आपल्या देशातच झालंय बरं का, २००५ च्या आसपास हैदराबाद विद्यापीठात गौतम देसिराजू आणि सी. मल्ला रेड्डी यांनी वाकण्यामागची रचना मांडली, मग २०१२ ला रेड्डींच्याच आयसर कोलकाता या विज्ञान संस्थेतल्या ग्रुपने कॅफिनचा मिश्र स्फटिक (एकाहून जास्त प्रकारचे रेणू एकत्र असलेला) लवचिक असल्याचं दाखवलं, आणि २०२१ मध्ये तुटल्यावर आपोआप जुळणारे स्फटिकही आले.

आता पोटाचं. घरात तापाला पॅरासिटामॉल असतेच ना? तिच्या नेहमीच्या स्फटिकात रेणूंचे थर नागमोडी असतात, घसरत नाहीत, म्हणून नुसती पावडर मशीनमध्ये दाबली तर गोळीचं टोपण सुटतं, म्हणजे वरचा पापुद्रा निघतो, आणि बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा पदार्थ, घालावा लागतो. त्याच पॅरासिटामॉलचा दुसरा प्रकार आहे, थर सपाट, छान दाबला जातो, पण तो टिकाऊ नाही, पहिल्या प्रकारात बदलायला बघतो. म्हणजे रेणू तोच, फक्त मांडणी वेगळी आणि गोळीचं सगळं वागणंच बदललं. फार्मा कंपन्यांच्या आर अँड डीत हे समजणारी माणसं लागतात, ताई, आणि तुमची मुलगी नकळत त्याच दारात उभी आहे.

पण तिलाही एक स्पष्ट सांगा, फक्त वाकणारे स्फटिक असं धरून बसू नको. लवचिक स्फटिकांची इलेक्ट्रॉनिक्स वगैरे अजून लॅबमध्येच आहे, त्यावर नोकरीची जाहिरात येत नाही. एमएस्सीला क्रिस्टलोग्राफी, म्हणजे स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास, धरायची, सिंगल क्रिस्टल आणि पावडर एक्स-रे, डीएससी (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणं) स्वतःच्या हाताने शिकायचं, हे कौशल्य औषधाच्या कंपनीतही चालतं आणि पीएचडीलाही.

त्यासाठी यंदा जॅम, म्हणजे एमएस्सीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, द्यायचीच. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला, परीक्षा फेब्रुवारीत, त्यातून आयआयटीत एमएस्सी मिळते, नाही जमलं तर मुंबई किंवा पुणे विद्यापीठ आहेच. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएचडीचा भार तुमच्यावर पडत नाही, पण पाच-सहा वर्षं लागतात हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा, नंतर कटकट नको.

लोट्याची नोकरी वाईट नाही, माझे कितीतरी विद्यार्थी तिथे आहेत आणि नीट कमावतात. फक्त मी बघितलंय, एकदा शिफ्ट सुरू झाली की अभ्यासाला परत बसणं फार जड जातं, म्हणून आधी जॅम, नोकरीचं त्यानंतर बघू. बीएड मात्र शिकवायची ओढ असेल तरच करू दे.

आणि एक करा, तिला घरी तुरटीचे स्फटिक वाढवायला सांगा. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवायची, गाळायचं, पाणी थंड होऊ द्यायचं, मग एक छोटा खडा दोऱ्याला बांधून आत सोडायचा, पंधरा दिवस भांडं हलवायचं नाही आणि रोज वहीत लिहायचं. आपल्याकडच्या दमट हवेत पाणी लवकर आटत नाही, त्यामुळे वेळ लागेल, चिडचिड होईल, दोनदा बिघडेलही. तिसऱ्यांदा तिने आपणहून परत भांडं मांडलं तर ती वही बाबांसमोर ठेवा, आणि मलाही त्याचा फोटो पाठवा.