ढगाच्या सावलीत बर्फ वितळतो कसा?

प्रश्न: उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावरचे ढग मोजायला नासाने विमानं पाठवली होती असं वाचलं. अहो, ढग आला की सावली पडणार आणि सावलीत बर्फ कमी वितळणार, यात मोजायचं काय? आणि सॅटेलाइट आहेत की, विमानं कशाला?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: सावलीचं तुमचं म्हणणं ऐरोलीत अगदी बरोबर, पण तिकडे हिशोब उलटा होतो. ताजा बर्फ पडलेला असला की ८० टक्क्यांच्या वर ऊन तसंही परत वर जातं, मग ढगाने अजून थोडं अडवून असा काय फरक पडणार? उलट खालून निघालेली उष्णता ढग परत खाली पाठवतो. मे महिन्यात आभाळ भरून आलं की रात्री पंखा पाचवर ठेवूनही घामाच्या धारा लागतात ना, तेच. म्हणजे वर्षातला बराच काळ तिथला ढग गोधडीचं काम करतो. पण उन्हाळ्यात बर्फ फुटून मधे काळं पाणी उघडं पडलं की ते ९० टक्क्यांच्या वर ऊन पिऊन टाकतं, आणि तेव्हा मात्र तुमची सावली खरंच कामाला येते.

त्यात एरोसोल, म्हणजे हवेतली धूळ, धूर, समुद्राचं मीठ वगैरे. कण जास्त असले की ढगातले थेंब बारीक आणि भरपूर होतात, ढग आणखी पांढरा दिसतो. गंमत म्हणजे उणे दहा-पंधरा डिग्रीतही हे थेंब पाणीच राहू शकतात, ठरावीक जातीचे कण मिळाले तरच गोठतात, आणि पाण्याचा ढग नि बर्फाचा ढग दोघांचं वागणं वेगळं.

सॅटेलाइटची पंचाईत अशी की वरून पांढऱ्यावर पांढरं दिसतं, आणि ढगाखाली नक्की किती ऊन पोचलं ते खाली शिरूनच मोजावं लागतं. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात नासाची ही आर्कसिक्स मोहीम झाली, ग्रीनलंडच्या पिटुफिक तळावरून, दोन टप्प्यांत. त्यातलं पी-३ हे चार पंख्यांचं विमान (मूळचं पाणबुड्या शोधायचं, आता ढग शोधतंय!) ढगाच्या खालून, मधून फिरायचं, वरून येणारं आणि बर्फावरून परत जाणारं ऊन वेगवेगळं मोजायचं. दुसरं, गल्फस्ट्रीम नावाचं जेट विमान, उंचावरून लेझर सोडून ढगांचे थर बघायचं.

आणि हे काही फक्त अमेरिकेचं कौतुक नाही हं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून केपीक्स प्रयोगात आपल्या पावसाळी ढगांत अशीच विमानं घातलीत.