शेत कसतो एक, अनुदान दुसऱ्याच्या खात्यात: असं का होतं?

सध्या कार्यालयात तीन प्रश्न सारखे येत आहेत. बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याचं शेत केलं, तरी कापूस-सोयाबीनचे पैसे मालकाला का गेले? पती वारल्यावर पीएम किसानचा, म्हणजे शेतकऱ्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचा, हप्ता का थांबला? आणि सातबारा सामाईक, म्हणजे अनेकांच्या नावावर, असेल तर अनुदान कोणाला?

तिन्हींचं मूळ एकच आहे. शासन पैसे टाकतं ते सातबारा, ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची मोबाइलवरून केलेली नोंद) आणि आधार जोडलेलं बँक खातं बघून. पेरणी कोणी केली, हे त्यात कुठेच येत नाही.

2023 च्या खरिपासाठी राज्याने कापूस आणि सोयाबीनला हेक्टरी 5,000 रुपये दिले, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. 20 गुंठ्यांच्या आतल्या क्षेत्राला सरसकट 1,000 रुपये होते. बियाणं, खत, फवारणी सगळं बटईदाराने केलं असलं, तरी पीक पाहणीत नाव खातेदाराचंच, म्हणजे सातबारावरच्या मालकाचंच, लागतं. मला हे न्याय्य वाटत नाही. पण नियम आज असा आहे आणि मालकाच्या खात्यात पडलेली रक्कम आमचं कार्यालय तुम्हाला वळती करून देऊ शकत नाही. म्हणून पेरणीआधी, बटई ठरते त्याच बैठकीत बोलून घ्या: अनुदान आलं तर वाटणी कशी, नुकसानभरपाई आली तर कशी. दोन साक्षीदारांसमोर कागदावर घ्या. कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीने मालक सही टाळतात. त्यांची भीती खोटी नाही, वकिलाला विचारूनच करार करा. मात्र नोंदणीकृत भाडेकरार असेल तर बटईदाराला पीक विमा स्वतःच्या नावाने भरता येतो. मोठा आधार आहे तो.

पीएम किसानचा हप्ता पत्नीकडे आपोआप जात नाही. मृत्यू दाखला देऊन वारस फेरफार, म्हणजे सातबारावर वारसाच्या नावाची नोंद, करून घ्या, फेरफार मंजूर झाला की स्वतःच्या नावाने नवी नोंदणी करा. जमीन 1 फेब्रुवारी 2019 रोजी नावावर हवी अशी अट आहे, पण त्यानंतर खातेदाराच्या निधनाने वारसाकडे आलेली जमीन चालते. पतीच्या खात्यात नंतर पडलेले हप्ते काढू नका, त्यांची वसुली होते.

ताईंनो, एक कळकळीने सांगतो. "अनुदानासाठी लागतं" असं म्हणून कोणी हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडण्याच्या कागदावर, सही मागितली तर करू नका. कोणत्याही अनुदानाला हक्कसोडपत्र लागत नाही. सामाईक खात्यावर एकाच्या नावाने रक्कम घ्यायची तर बाकीच्यांचं ना हरकत पत्र लागतं, आणि ना हरकत दिल्याने जमिनीवरचा हक्क जात नाही. हक्कसोडीने जातो. सही करण्याआधी कागदाचं शीर्षक कोणाकडून तरी वाचून घ्या. पुण्या-मुंबईच्या भावाच्या सहीवाचून दरवेळी पैसे अडत असतील आणि सगळे राजी असतील, तर तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज करा.

पती-पत्नी दोघांच्या नावावर जमीन असली तरी पीएम किसान एकालाच मिळतं. आयकर भरणाऱ्यांना आणि महिन्याला 10,000 रुपये किंवा जास्त पेन्शन असणाऱ्यांना मिळत नाही. निवृत्त चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना पेन्शनच्या या अटीतून सूट आहे.

कार्यालयात येताना चालू सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), आधार आणि पासबुक आणा. वारसाचं काम असेल तर मृत्यू दाखल्याची प्रतही सोबत ठेवा.