कोल्ट-बर्जेस रायफल घ्या, पण मुलीच्या कॉलेजच्या पैशातून नको

टेक्सासमधल्या एका वाचकांनी विचारलंय की ऑक्शनला 1880 च्या दशकातली कोल्ट-बर्जेस लिव्हर ॲक्शन (म्हणजे खालचा दांडा ओढून पुढची गोळी चढवायची) रायफल आलीय, 8,000 डॉलरच्या आसपास मिळेल, मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या 20,000 मधून घेऊ का, चार वर्षांनी विकून फी भरू, फक्त 6,403 बनल्यात म्हणजे भाव वाढणारच ना?

रायफल खरंच भारी आहे, तुमचा जीव का अडकला ते कळतं. अँड्र्यू बर्जेस मूळचा फोटोग्राफर, अमेरिकन यादवीच्या फोटोंमुळे नाव झालेल्या मॅथ्यू ब्रेडीकडे काम केलेला, आणि पुढे बंदुकांच्या डिझाइनमध्ये असा घुसला की व्हिटनी, मार्लिन, कोल्ट या सगळ्या बंदूक कंपन्यांनी त्याची पेटंटं वापरली. कोल्टने ही रायफल 1883 ला काढली आणि 1885 ला बंदही केली. रायफलवाल्या विंचेस्टर कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरचे नमुने कोल्टवाल्यांना दाखवले, 'तुम्ही लिव्हर रायफल काढणार तर आम्ही तुमच्यासारखे रिव्हॉल्व्हर काढू' असा इशाराच तो, म्हणून कोल्टने माघार घेतली, असं कलेक्टर लोक सांगतात.

पण पैशाच्या बाजूने बघा. कमी बनली म्हणून गिऱ्हाईक जास्त असं होत नाही. विंचेस्टर 1873 सात लाखांच्या वर बनली तरी तिला विचारणारे कायम असतात, कारण ते नाव सगळ्यांना माहितीये. बर्जेस कोण हे माहीत असलेले लोक मोजके, त्यामुळे विकायच्या दिवशी त्यातले दोन जण हटून बोली लावणारे असले तर ठीक, नाहीतर भाव पडलाच समजा, आणि कॉलेजची फी काही गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबत नाही.

आता हिशोब. हॅमर प्राइस (म्हणजे शेवटची बोली) 8,000, त्यावर बायर्स प्रीमियम (ऑक्शनवाला घेणाऱ्याकडून वर घेतो ती रक्कम) 20 टक्के धरला तर तुमच्या खिशातून गेले 9,600. विकताना ऑक्शनवाल्याने 10 टक्के कमिशन कापलं तर तेच 9,600 हातात यायला बोली जवळजवळ 10,700 ला जायला पाहिजे, म्हणजे 33 टक्के वाढ नुसती मुद्दल सुटायला! वर फायदा झालाच तर कलेक्टिबल (संग्रहाची वस्तू) म्हणून वर्षानंतरही टॅक्स 28 टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअरपेक्षा जास्त. इन्शुरन्स वेगळा, घराच्या साध्या पॉलिसीत बंदूक चोरीला गेली तर बहुतेक वेळा ठराविक रकमेपर्यंतच भरपाई मिळते.

1898 किंवा त्याआधीची असल्याने अमेरिकेच्या फेडरल कायद्यात ती अँटिक धरतात, तो भाग सोपा आहे, राज्याचा नियम तेवढा बघून घ्या. पुढेमागे भारतात न्यायचा विचार असेल तर मात्र आत्ताच सोडून द्या, तिथे आर्म्स ॲक्ट आणि कस्टम्स दोन्ही आडवे येतील.

म्हणून माझं स्पष्ट मत, ते 20,000 जसेच्या तसे राहू देत, चार वर्षांत लागणारा पैसा आहे तो, एफडीसारख्या सीडीत किंवा ट्रेझरी बिलात ठेवा. बोनस वगैरे वेगळा आला आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असला तर हौस म्हणून जरूर घ्या, पण त्याआधी कोल्टच्या आर्काइव्हचं लेटर (कंपनीच्या जुन्या नोंदींवरून मिळणारं पत्र) मागा आणि रायफलवरचा नंबर त्याच्याशी जुळवा, ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) मूळचं आहे की नंतर पॉलिश मारून केलंय ते जाणकाराला हातात देऊन तपासा, कारण अशी रिफिनिश केलेली, म्हणजे नव्याने चकाकी दिलेली, निघाली तर ऑक्शनच्या फोटोत कितीही चकचकीत दिसली तरी किंमत धाडकन खाली येते.