मामाला लग्नासाठी कॅनडात येता येईल का?

प्रश्न : मी गेली अठरा वर्षे मिसिसागा येथे राहते. येत्या नोव्हेंबरात माझ्या मुलीचे लग्न येथेच होणार आहे. तिचे वडील हयात नाहीत. माझा एकुलता एक भाऊ न्यू जर्सीत ग्रीन कार्डावर राहतो. 2023 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला दंड झाला आणि त्याचे लायसन्स निलंबित झाले. ते निलंबन एप्रिल 2024 मध्ये संपले. तिथले वकील म्हणतात की हा वाहतुकीच्या नियमांचा भंग आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. आमचे परिचित मात्र सांगतात की त्याला सीमेवरूनच परत पाठवतील. आम्ही काय करावे?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : वकील आणि आपले परिचित, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. न्यू जर्सीच्या कायद्यात हा वाहतुकीचा अपराध मानला जातो हे खरे. पण तिथे त्याला काय नाव आहे याला कॅनडात महत्त्व नाही. तेच कृत्य कॅनडात घडले असते तर कोणते कलम लागले असते, एवढेच इथले अधिकारी पाहतात. 18 डिसेंबर 2018 पासून कॅनडात दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षे करण्यात आली आणि त्यामुळे हा गुन्हा इमिग्रेशन कायद्यानुसार गंभीर गुन्ह्यांत गणला जाऊ लागला. आपल्या बंधूंना प्रत्यक्षात केवळ दंड झाला असला, तरी ते आज प्रवेशास अपात्र ठरतात. ग्रीन कार्ड असल्यामुळे त्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण व्हिसाची सूट म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. शिवाय अमेरिकेतील गुन्ह्यांच्या नोंदी सीमेवरील अधिकाऱ्यांना पाहता येतात.

अशा व्यक्तीसाठी कायद्याच्या 24 व्या कलमात तात्पुरत्या रहिवास परवान्याची, म्हणजे बोलीभाषेत ‘टीआरपी’ची तरतूद आहे. 2002 पूर्वीच्या कायद्यात यालाच मंत्र्यांचा परवाना म्हणत, आणि ते जुने नाव या परवान्याचे स्वरूप अधिक नेमके सांगते असे मला वाटते, कारण तो कोणाचाही हक्क नाही. प्रवासाची निकड आणि त्या व्यक्तीपासून समाजाला असलेला धोका ही दोन पारडी अधिकारी तोलून पाहतो, आणि निकडीचे पारडे जड आहे अशी त्याची खात्री झाली तरच परवाना देतो. म्हणून अर्जाचा सारा भर या दोन गोष्टींवर हवा.

निकडीच्या बाबतीत ‘भाचीचे लग्न आहे’ एवढे लिहून भागणार नाही. मराठी लग्नात मामा वधूला बोहल्यावर घेऊन येतो, अंतरपाटापाशी तिच्या पाठीशी उभा राहतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही; परंतु ज्या अधिकाऱ्यापुढे हा कागद जाणार आहे त्याच्या दृष्टीने मामा हा दूरच्या पाहुण्यांपैकी एक असू शकतो. तेव्हा मुलीचे वडील हयात नाहीत, मामा एकच आहे, विधीत त्याचे स्थान कोणते आणि लग्नाची तारीख व स्थळ ठरलेले आहे, हे आपण स्वतःच्या पत्रात साध्या शब्दांत लिहावे आणि सोबत पत्रिका, सभागृहाची पावती व नाते सिद्ध करणारे दाखले जोडावेत. धोक्याच्या बाबतीत न्यायालयाचा निकाल, दंड भरल्याची पावती, लायसन्स परत मिळाल्याचा कागद, पोलिसांचा दाखला, मद्यपानाविषयीचा वर्ग किंवा उपचार पूर्ण केला असल्यास त्याचे प्रमाणपत्र आणि नोकरीचे पत्र उपयोगी पडते. आपल्या बंधूंनी घडलेल्या प्रकाराची हकिगत स्वतः लिहावी आणि त्यात सबबी सांगू नयेत.

व्हिसाची सूट असलेल्यांना हा अर्ज सीमेवरही करता येतो. मी मात्र तसा सल्ला देणार नाही, कारण नकार मिळाल्यास लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांना परत फिरावे लागेल. अर्ज आधीच, आणि आजच, करावा. निर्णयाला कित्येक महिने लागू शकतात आणि शुल्क परत मिळत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘विचारले तरच सांग’ असा सल्ला देणारे अनेक भेटतील. तो ऐकू नये. माहिती लपवल्याचे किंवा खोटे सांगितल्याचे ठरल्यास पाच वर्षांची प्रवेशबंदी येते, आणि आज जी अडचण परवान्याने सुटण्यासारखी आहे ती पुष्कळ अवघड होऊन बसते.

परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, पण लग्नासारख्या कारणासाठी तो काही दिवसांचाच मिळण्याची शक्यता अधिक. पुन्हा प्रवेशाची मुभा त्यात स्पष्ट दिलेली नसेल, तर देश सोडताच तो संपतो. कायमचा मार्ग पुनर्वसनाच्या अर्जाचा, म्हणजे ती व्यक्ती आता सुधारली आहे असे मान्य करून अपात्रता कायमची काढून टाकावी अशा अर्जाचा आहे. शिक्षेचा प्रत्येक भाग पूर्ण झाल्यानंतर पाच वर्षांनी तो करता येतो, आणि लायसन्सचे निलंबन हाही शिक्षेचाच भाग धरला जात असल्याने आपल्या बंधूंची मुदत एप्रिल 2029 मध्ये पूर्ण होईल. दहा वर्षे उलटली की अपात्रता आपोआप जाते असे जे ऐकू येते, ते डिसेंबर 2018 नंतरच्या अशा गुन्ह्यांना लागू नाही. त्यामुळे आता टीआरपीसाठी जमवलेल्या कागदांचा एक संच त्यांनी त्या अर्जासाठी जपून ठेवावा.