तिथी बघा, मग तिकीट काढा

प्रश्न : ताई, आमच्या घरी समुद्र म्हणजे हरिहरेश्वरच. दुसरीकडे कुठे जायचं म्हटलं की पोरंच नाही म्हणतात, त्यांना तिथला काळा कातळ अन त्यावरून प्रदक्षिणा पाहिजे. पण मागच्या वेळी नागपूरहून एवढ्या लांब गेलो अन दोन्ही दिवस अकराच्या सुमारास पाणी चढलेलं, पायऱ्यांवरूनच परत फिरलो. आता डिसेंबरात जेमतेम चार दिवस सुट्टी आहे, सासूबाई पण येऊन राहिल्या. मिस्टर म्हणतात एवढी धावपळ कायले, ताडोबा करू. काय करावं?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताडोबा कुठे पळून जात नाही, हरिहरेश्वरलाच जा. फक्त सुट्टी टाकायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघा. अकराला पाणी चढलेलं म्हणजे तुम्ही बहुतेक पौर्णिमा नाहीतर अमावस्येच्या आसपास गेला असाल, कारण तेव्हा भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते अन उधाणाची असते. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे, शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर 4 गुणिले पाऊण म्हणजे 3, दुपारी तीनला भरती, मग त्याच्या सहाएक तास आधी, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. रोज ही वेळ साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून चतुर्थी ते षष्ठी धरली तर रोजच सकाळी चान्स मिळतो, पहिल्या दिवशी हुकलं तरी टेन्शन नाही. अर्थात हा अंदाज झाला, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा आदल्या रात्री जिथे उतरलात तिथल्या माणसाला विचाराच, अन ओहोटीच्या तासभर आधी निघा म्हणजे तुम्ही चालत असताना पाणी उतरतं असेल. तिथल्या कोणी नको म्हटलं तर मुकाट्याने मागे फिरायचं, त्या कातळावरून लाटेने माणसं ओढून नेली आहेत. हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय नाही, अन कडेला उभं राहून सेल्फी तर बिलकुल नाही.

पोरांना एक गोष्ट जवळून दाखवा. कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं पडलेली आहेत ना, ती नुसत्या लाटांच्या माराने नाही पडली. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हाने वाळतं, आत मिठाचे खडे वाढतात अन दगडाचा कण कण सुटत जातो. आणि गंमत म्हणजे दगड आपल्याच ओळखीचा, सीताबर्डीच्या टेकडीचा बेसॉल्ट तो हाच, त्याच जुन्या लाव्हाचा.

सासूबाईंना टेकडी चढून त्या अरुंद फटीतून खाली उतरवायचा हट्ट नको, पायऱ्या उभ्या आहेत. त्यांचं काळभैरव अन हरिहरेश्वराचं दर्शन निवांत होऊ द्या, नंतर ओहोटी असेपर्यंत बीचकडून जिथवर सपाट आहे तिथवर हात धरून न्या.

जायचं कसं म्हणाल तर विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला उतरा, लोकलने पनवेल, तिथून एसटी नाहीतर कोकण रेल्वेने माणगाव अन पुढे म्हसळा-श्रीवर्धन मार्गे. जाण्यायेण्यात दोन रात्री गाडीत जातात हे मिस्टरांचं खरंच आहे, पण तेवढं आता धरूनच चाला. जेवण घरगुती खानावळीत सांगून ठेवा, सावजीच्या जिभेला फिकं लागेल, ठेचा सोबत ठेवा बाप्पा. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं अन डिसेंबरात ते पटकन भरतं, म्हणून तिथी आजच बघून घ्या, मिस्टर ऑफिसात रजेचा अर्ज टाकायच्या आधी.