लेहला पोचल्यावर आधी झोपायचं

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा बेत आईनं दाखवला. दिल्लीहून विमानानं लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला हा घाट, तिसऱ्या दिवशी पँगाँग सरोवराकाठी मुक्काम आणि सातव्या दिवशी बेळगाव. पैशांचा आणि रजेचा हिशेब तुम्ही चौघींनी चोख मांडलाय, पण शरीराचा हिशेब त्यात कुठंच नाही. म्हणून हे पत्र.

आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० फुटांवर, लेह ११,५००. दिल्लीत विमानात बसायचं आणि दीडेक तासात तिथं उतरायचं, म्हणजे रक्ताला काही कळायच्या आतच हवा विरळ झालेली असते. लेहला हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. खारदुंगला साडेसतरा हजार फुटांवर, तिथं तो निम्म्यावर येतो. तू दर रविवारी राजहंसगड पळत चढतेस हे मला ठाऊक आहे. पण दम टिकणं वेगळं आणि विरळ हवा सोसणं वेगळं. उलट तुझ्यासारख्या काटक पोरांनाच कधीकधी जास्त त्रास होतो, कारण ती थांबत नाहीत.

मी थांबलो नव्हतो. फौजेत तिकडं उंचीवर नोकरीला असताना दोन महिन्यांची सुट्टी काढून गणपती करून परत गेलो. आधी दीड वर्ष तिथंच काढलेलं, त्यामुळं आपल्याला काय होतंय असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी रेशनची पोती उतरवायला लागलो. संध्याकाळी कोरडा खोकला सुरू झाला, तो मी लपवला. रात्री पडलो की छातीत घुरघुर व्हायची, म्हणून उठून बसायचो. शेजारच्या जवानानं ते ओळखलं आणि सगळ्यांना उठवलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. ऑक्सिजन लावून रातोरात खाली नेलं म्हणून आज लिहितोय. खाली राहून आलं की शरीर उंची विसरतं, पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. फौजेत ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार आणि त्याच्या वर पुन्हा चार, असा सराव उगाच ठेवलेला नाही. तुम्हाला तेवढे दिवस काढता येणार नाहीत, पण त्यामागचं कारण समजून घ्या.

माझं ऐकशील तर रजा दोन आठवड्यांची काढा. आपली गोवा एक्स्प्रेस रात्री बेळगावातून निघते, दोन रात्री काढल्या की दिल्ली. तिथून श्रीनगर गाठा, ते ५,२०० फुटांवर आहे. मग रस्त्यानं कारगिल, साधारण पावणेनऊ हजार, तिथं मुक्काम. वाटेत द्रासला युद्धस्मारक लागेल, तिथं तासभर थांबा. १९९९ मध्ये गेलेल्या पोरांची नावं भिंतीवर आहेत. आपल्या भागात गावोगाव फौजी, तुम्हाला ती वाचताना वेगळं वाटेल. तिसऱ्या दिवशी लेह. आणि लेहला पोचल्यावर दोन दिवस काही म्हणजे काही करायचं नाही. झोपायचं, पाणी प्यायचं, संध्याकाळी बाजारात सावकाश चक्कर मारायची.

त्यानंतर आधी नुब्राचं खोरं, मग पँगाँग. खारदुंगला कितीही उंच असला तरी तो ओलांडून तुम्ही झोपणार १०,००० फुटांच्या आसपास. पँगाँगला मात्र झोपायचं १४,००० फुटांवर. दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री कुठं झोपलात हे महत्त्वाचं. परतताना मनालीमार्गे आलात तर सरचूला मुक्काम करू नका, तेही १४,००० वर आहे. पहाटे निघून जिस्पा किंवा केलाँग गाठा.

डोकं दुखणं, जेवण नको वाटणं, झोप न लागणं हे बऱ्याच जणांना होतं. तेवढं असेल तर आहात तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना झोक जायला लागला किंवा कुणी असंबद्ध बोलायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच खाली उतरायचं. रोज रात्री चौघींनी एकमेकींना विचारायचं, आणि खरं सांगायचं. तुझ्यामुळं बाकीच्यांचा बेत मोडेल म्हणून गप्प बसलीस, तर मला फार वाईट वाटेल.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. गोळीनं बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्याला घाबरू नका. मात्र गोळी घेतली म्हणून मुक्काम कमी करायचा नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या तिथं वर्ज्य.

पावसाचं विचारलं होतंस. कणकुंबीत झड लागलेली असते तेव्हा अथणीत लोक आभाळाकडे बघत असतात, आणि जिल्हा एकच. सह्याद्री आपल्याकडे ढग अडवतो, तेच हिमालय लडाखला करतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तिथं सहसा कोरडं असतं. पण ऑगस्ट २०१० मध्ये लेहलाच ढगफुटी झाली आणि चिखलाच्या लोंढ्यात माणसं गेली. ओढ्याच्या पात्रात तंबू टाकू नका, पाणी नसलं तरी. मनालीकडच्या बाजूला दरडी कोसळतात, म्हणून परतीला एक दिवस मोकळा ठेवा.

तिथं आपलं प्रीपेड सिम चालत नाही, एकीनं तरी पोस्टपेड घ्या. रोख पैसे, आधारच्या झेरॉक्स, काळा चष्मा. ऊन थंडीत कळत नाही, पण कातडी सोलून काढतं. जाड जाकिटापेक्षा अंगावर तीन पातळ थर बरे. कुंदा दिल्लीपर्यंतच संपवा, पुढच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू न्या, ते टिकतात आणि भूक मेली तरी एखादा खाल्ला जातो.

विमानाचं तिकीट काढलं नसशील तर थांब. रविवारी गड उतरून चौघी तशाच घरी या. नकाशा काढून ठेवतो. माझ्याकडे लोकरीच्या दोन बनियनी आणि कानटोप्या आहेत, त्याही घालून बघा.

तुझा,
मामा